पॉपरचं 'हायस्कूल' आणि तुमचं हायस्कूल

(नाशिकहून एका वडिलांचं पत्र: मुलगी बारावी कॉमर्सला, ७१ टक्के. दहाव्या वर्षापासून चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं मोठं तंतुवाद्य, वाजवते. 'डेव्हिड पॉपरसारखी सोलो वाजवणार असेल तर पैसा लावतो, नाहीतर सी.ए. ती म्हणते, मला लहान मुलांना शिकवायचंय. मास्तरकी करायला का चेलो घेऊन दिला?')

सप्रेम नमस्कार.

टक्क्यांवर तुम्ही अर्धं पान लिहिलंत आणि लेकीच्या मनगटावर एकच ओळ: 'सूज आहे, पण क्रेप बँडेज बांधून पाच तास रियाज करते.' तेही कौतुकानं! सूज घेऊन वाजवणं ही जिद्द नव्हे हो. आधी डॉक्टरांना दाखवा, मग तिच्या सरांना हाताची ठेवण तपासायला सांगा. तोवर चेलो खोळीत राहू द्या. दुखत असूनही ती थांबत नाही, कारण थांबलं की सी.ए., हे तिला पक्कं ठाऊक आहे. ही अट घातली कोणी?

सी.ए.चं म्हणाल तर फाउंडेशनचा फॉर्म तिला हवा असेल तर भरा. त्यावर अधिक लिहीत नाही.

आता पॉपर. उदाहरण घ्यायचं तर अख्खा माणूस घ्या. जन्म प्रागचा, १८४३चा. १८६८ मध्ये व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराच्या वाद्यवृंदात पहिल्या खुर्चीवरचा चेलोवादक झाला, म्हणजे चक्क नोकरी. १८७३ मध्ये ती सोडून पियानोवादक पत्नी सोफी मेंटरसोबत युरोपभर दौरे केले. तुम्ही वाचलंत ते इथपर्यंतच. १८८६ मध्ये तो बुडापेस्टच्या संगीत अकादमीत शिकवायला गेला आणि पुढची पंचवीसएक वर्षं शिकवत राहिला. म्हणजे मास्तरकीच! आणि वाजवणं सुटलं म्हणता? त्याच वर्षीच्या डिसेंबरात बुडापेस्टमध्ये ब्राम्स या संगीतकाराची सी मायनर ट्रायो, म्हणजे तीन वाद्यांची रचना, पहिल्यांदा वाजली, तेव्हा पियानोवर स्वतः ब्राम्स, व्हायोलिनवर हुबाय आणि चेलोवर हे मास्तर होते.

तुमचा एक गैरसमज मात्र मला फार लागला. 'बारावीत आली तरी सर अजून हायस्कूलचंच पुस्तक वाजवून घेतात,' असं लिहिलंत. अहो, पॉपरच्या त्या चाळीस एट्यूड्सचं, म्हणजे रियाजासाठी रचलेल्या तुकड्यांचं, मूळ जर्मन नाव 'होहे शूले'. तिथे 'होहे' म्हणजे उच्च, वरच्या दर्जाचं. आठवी ते दहावीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. इंग्रजी मुखपृष्ठावर 'हायस्कूल' छापलं आणि तुमच्यासारख्यांची फसगत झाली. जगभरच्या संगीत अकादम्यांत मोठी मोठी मुलं यातल्या एकेका पानाशी आठवडेच्या आठवडे झुंजतात. सतराव्या वर्षी लेकीच्या स्टँडवर ते पुस्तक आहे, यावर पेढे वाटायचे सोडून तुम्ही तिला मागे पडलेली ठरवलंत. आणि ते छापलं गेलं १९०१ ते १९०५ मध्ये, पॉपर साठीच्या आसपास असताना, वर्गात पोरं घडवण्याच्या काळात.

भारतात केवळ सोलो चेलोवर घर चालवणं अवघड आहे. वाद्यवृंद, रेकॉर्डिंग, शिकवण्या अशी मोट बांधावी लागते, आणि शिकवण्यांची आवड तर तिला आत्ताच आहे. मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम लागला की तिला घेऊन जा. मध्यंतरात चेलोवाल्यांपैकी कुणी भेटलं तर महिना कसा भागतो, हे तिला विचारू द्या. तुम्ही तेवढ्या वेळात बटाटेवडा खाऊन या.

ट्रिनिटीच्या संगीत परीक्षेच्या ग्रेडचं मनगट बरं झाल्यावर बघू. आणि पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ दे.