पाचशे पायऱ्या उतरून

प्रश्न : ताई, मी ५७ वर्षांची, सांगलीत विश्रामबागेत राहते. माझ्या पाठीवर, पोटावर आणि दोन्ही मांड्यांवर कोड आहे. तिसाव्या वर्षी सुरू झालं. तेव्हापासून मागचा गळा बंद असलेला लांब ब्लाउज घालते. नवऱ्यासमोरही दिवा लावून कधी साडी बदलली नाही. मुलगी कॅनडात व्हँकुव्हरला ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पीएचडी करते. जुलैत मी तिच्याकडे जाणार आहे. विद्यापीठाच्या खालीच रेक बीच म्हणून किनारा आहे, तिथे लोक कपड्यांशिवाय वावरतात. मुलगी म्हणते, ‘आई, एकदा चल, तुला बरं वाटेल.’ ऐकूनच घाम फुटला. पण रोज रात्री तोच विचार येतो. उन्हाचं काय, गुडघ्यांचं काय? जावईही बरोबर येतो म्हणतात. जाऊ का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : जा. पण जावयांना घेऊन नको. ते कितीही मोकळ्या मनाचे असोत, त्या दिवशी तुम्हाला कुणाची सासूबाई म्हणून वावरायला लागू नये. लेकीला मात्र न्या, आणि तिला सांगा की पहिला तासभर वीस पावलांवर पुस्तक घेऊन बस, माझ्याकडे बघत राहू नकोस.

मी त्या पायऱ्या उतरले आहे. साताऱ्यात नोकरी संपवून भाचीकडे गेले होते तेव्हा. वर विद्यापीठ, बसची वर्दळ, आणि रस्ता ओलांडला की झाडीत शिरणारी सहा नंबरची पायवाट. जवळजवळ पाचशे पायऱ्या, उंच देवदारांच्या सावलीतून. उतरताना काही वाटत नाही. चढताना कळतं. गाडी खाली जात नाही, त्यामुळे दमलात तरी चढूनच यायचं. सज्जनगड सावकाश चढत असाल तर हेही जमेल. कठड्याला धरून, दर पन्नास पायऱ्यांना थांबून. पाण्याच्या दोन बाटल्या घ्या, एक चढण्यासाठी राखून ठेवा.

खाली गेल्यावर मी तासभर गाऊन घालूनच बसले होते. समुद्राने वाहून आणलेले मोठमोठे ओंडके आहेत तिथे, उन्हापावसाने राखाडी झालेले, त्यांना टेकून लोक बसतात. समोर सत्तरीचं जोडपं पत्ते खेळत होतं. बाईंच्या पोटावर बेंबीपासून खाली सिझेरियनचा जुना, उभा व्रण. मी बत्तीस वर्षं नर्स होते, तसले टाके शेकडो काढले आहेत. वॉर्डात तसं पोट म्हणजे माझं काम होतं. या बाई त्याच पोटावर चेरीची पिशवी ठेवून पानं पिसत होत्या.

मग मी गाऊन काढला. माझ्या कंबरेला परकराच्या नाडीचा काळा वळ आहे, बोटभर रुंद, लग्नापासूनचा. त्या जागेला कधी वारा लागल्याचं मला आठवतच नव्हतं.

लोक बघतील का, हा तुमचा न विचारलेला प्रश्न. बघतात, खोटं कशाला सांगू. नवं माणूस आलं की क्षणभर नजर जाते, मग ज्याचा तो पुस्तकात. कुणी टक लावून बघत राहिलं तर लोक त्याला सरळ हटकतात. न विचारता फोटो काढणं तिथे अजिबात चालत नाही, म्हणून तुमचाही मोबाइल पिशवीतच असू द्या. कपडे काढायची सक्ती नाही. पाठ तेवढी उघडी केलीत आणि परत आलात, तरी चालेल.

सत्तावीस वर्षं तुम्ही ज्याला भ्यालात ती भीती खोटी नव्हती. कोड असलेल्या बाईशेजारची खाट नको म्हणणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. स्पर्शाने कोड पसरत नाही, हे सांगून सांगून माझा घसा सुकला आहे. आणि तुम्ही सांगलीच्या. दिगंबर मुनींचा विहार चालला की रस्त्याकडेला हात जोडून उभं राहणारं तुमचं गाव. तो त्याग आहे, त्याची या किनाऱ्याशी तुलना मी करणार नाही. पण उघडं शरीर दिसलं की मन बिघडतंच, असं निदान सांगलीकरांना तरी कुणी पटवू नये. हे खूळ कालपरवाचंही नाही. १८९१ मध्ये आपल्या ठाण्यात क्रॉफर्ड नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने विवस्त्र राहणाऱ्यांचा संघ काढला होता, सभासद अवघे तीन. जगातला असा पहिला संघ म्हणून त्याचं नाव घेतात. तरीही इथे येऊन कोकणात प्रयोग करू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि अश्लील काय ते पोलीस आधी ठरवतात, कोर्ट नंतर.

आता ऊन. हे मी नर्स म्हणून सांगते, इथे हयगय नको. कोडाच्या जागी त्वचेला रंग देणारं मेलॅनिन नसतं, म्हणून ती आधी लाल होते आणि मग भाजते. तिथली हवा गार असते, साताऱ्याच्या मे महिन्यासारखा चटका बसत नाही, त्यामुळे भाजल्याचं संध्याकाळी कळतं. उन्हापासून वाचवणारं एसपीएफ ५० चं मलम घरूनच लावून निघा. पाठीला लेकीकडून लावून घ्या (तेवढंच तिच्यासमोर पाठ उघडी करायची सवय होईल). दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावायचं. दुपारी जाऊच नका. जुलैच्या सुरुवातीला तिथे सूर्य नऊनंतर मावळतो, म्हणजे पाचला निघालात तरी भरपूर उजेड मिळतो. पहिल्या दिवशी उन्हात पंधरा मिनिटं, बाकी वेळ सावलीत. भरती-ओहोटीची वेळ लेकीला मोबाइलवर बघायला सांगा, भरतीला वाळूची पट्टी अरुंद होते आणि ओंडक्यांवरून चालणं गुडघ्यांना झेपणार नाही. शनिवार-रविवार टाळा, गर्दी आणि गाणी असतात.

आणि साडी नेसून उतरू नका, पायऱ्यांवर निऱ्या पायात येतात. सैल सुती गाऊन घाला, पुढून बटणांचा. काढायला अर्धं मिनिट लागतं, परत घालायलाही तेवढंच.