नॉर्वेतली ‘स्किब्लाडनर’ ही आगबोट खरोखर १८५६ सालची आहे, की आता फक्त नावच जुनं उरलंय?

सांगाडा १८५६चा, इंजिन १८८८चं. म्हणजे तुमची शंका अगदीच चुकीची नाही, पण नुसतं नावच जुनं आहे असंही नाही.

मी साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी केलेला माणूस. मुलगी ओस्लोला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा हामार ते योविक एवढा या बोटीचा प्रवास केला आणि त्यातला बहुतेक वेळ इंजिनाकडे वाकून बघण्यात घालवला. डोंगर, हिरवी शेतं वगैरे सौ.नं पाहिली.

या बोटीचा जन्म रेल्वेमुळे झाला. १८५४ साली नॉर्वेतली पहिली आगगाडी ख्रिस्तियानियाहून (म्हणजे आजच्या ओस्लोहून) आइड्सवोलपर्यंत धावू लागली. रूळ तिथेच संपत होते. तिथून व्होर्मा नदीनं वर गेलं की म्योसा लागतं. हे नॉर्वेतलं सर्वांत मोठं सरोवर, लांबी शंभर किलोमीटरच्या वर. गाडीतून उतरलेली माणसं, टपाल आणि माल घेऊन पुढे हामार, योविक, लिलेहामर गाठायचं तर बोटीशिवाय सोय नव्हती. सांगाडा स्वीडनमधल्या मोतालाच्या कारखान्यात घडवला. समुद्रातून म्योसात बोट थेट आणता येत नाही, म्हणून सुटे भाग आणून ते सरोवराच्या दक्षिण टोकाला जोडले. २ ऑगस्ट १८५६ला पहिली फेरी झाली.

नावाची गंमत इथेच आहे. नॉर्स पुराणकथांत फ्रेय देवाचं स्किब्लाडनर नावाचं जहाज आहे. काम झालं की कापडासारखी घडी घालून ते थैलीत ठेवता येतं. सुट्या भागांतून आलेल्या बोटीला याहून शोभेलसं नाव मला तरी सुचलं नसतं.

पण ज्या रेल्वेनं काम दिलं, तीच मग ते काढून घेऊ लागली. १८८०मध्ये रूळ हामारला पोचले. तरी १८८८ साली मालकांनी बोटीवर पैसा ओतला : सांगाडा मधून कापून सुमारे सहा मीटरनं वाढवला आणि सहाशे अश्वशक्तीचं नवं तीन सिलिंडरचं इंजिन बसवलं. वाफ आधी छोट्या सिलिंडरात काम करते, तिथून निघालेली मधल्यात, आणि उरलासुरला दाब मोठ्यात. साखर कारखान्यातल्या लोकांना हे लगेच कळेल : आपणही रस आटवताना एका बॉडीतली (म्हणजे रस आटवायच्या मोठ्या भांड्यातली) वाफ पुढच्या बॉडीला देतो, तसाच हिशेब. फरक एवढाच की इथे त्या वाफेवर बाजूची दोन मोठी चाकं फिरतात. कोळसा गेला, आता बॉयलर तेलावर चालतो, पण इंजिन तेच आहे. वंगणाचा तो ओळखीचा वास नाकात गेला आणि मी तिथून हललोच नाही.

ती दोनदा बुडाली हेही खरं आहे, १९३७ आणि १९६७ साली. पण ऐकून वाटतं तसं वादळात, प्रवाशांसकट नव्हे. हिवाळ्यात बोट बंद असते, दोन्ही वेळा ती धक्क्याला बांधलेली होती. दोन्ही वेळा वर काढून दुरुस्त केली. माझ्या मते तिचं खरं वय या दोन निर्णयांत आहे, कारण १९६७मध्ये ती भंगारात काढली असती तर हिशेबाच्या दृष्टीनं कुणीच चूक म्हटलं नसतं.

‘वेळापत्रकाप्रमाणे चालणारी जगातली सर्वांत जुनी चाकांची आगबोट’ हा तिचा दावा मला पटतो. मूळ इंजिनासकट जुनी बोट हवी असेल, तर मात्र डेन्मार्कला सिल्केबोर्गच्या तळ्यांवर जा. तिथली ‘यायलन’ १८६१ची आहे आणि तिचं इंजिनही त्याच सालचं. वयानं पाच वर्षं धाकटी, पण तुमच्या कसोटीला जास्त उतरणारी.

स्किब्लाडनरवर जायचं तर उन्हाळ्यातच जा. बोटीवर साल्मन मासा आणि स्ट्रॉबेरी खायची जुनी पद्धत आहे. आमची सौ. शाकाहारी, तिनं दोघांच्या वाटच्या स्ट्रॉबेऱ्या संपवल्या.