महाराष्ट्रातील नद्यांमध्ये ट्राउट मासा गळाला लागू शकतो का?

नाही, ट्राउटला वर्षभर थंड, वाहते आणि प्राणवायूने समृद्ध पाणी लागते, आणि पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्याचे खाणे व वाढ मंदावू लागते, तर आपल्या नद्या उन्हाळ्यात ही मर्यादा सहज ओलांडतात. अडचण अक्षांशाची नसून उंचीची आहे, कारण महाराष्ट्राच्या दक्षिणेला असूनही निलगिरीतील सुमारे २००० मीटर उंचीवरच्या ओढ्यांत इंग्रजांच्या काळात सोडलेला रेनबो ट्राउट रुजला. ट्राउटसाठीच गळ टाकायचा असेल तर हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदी गाठावी. मात्र तेथे मत्स्य विभागाचा परवाना आवश्यक असतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या प्रजननकाळात मासेमारीस बंदी असते.