मुलीला खासगीत एमएमआर दिलंय, तरी आशाताई गोवर-रुबेलाचं का विचारतात? गोवर तर येतो आणि जातो!

एमएमआरचे वयानुसार डोस झालेत ना, मग पुन्हा टोचायची गरज नाही. त्यात गोवर आणि रुबेला दोन्ही येतात, वर गालगुंडही. आशाताईंना फक्त नोंद हवी असते, कारण खासगीतला डोस त्यांच्या वहीत आपोआप चढत नाही. कार्डाचा फोटो दाखवलात की झालं. (आणि वॉचमनला सांगून ठेवा, त्यांना गेटवरून परत पाठवू नका म्हणून.)

'येतो आणि जातो' हे मात्र पटलं नाही. मी ठाण्यात लसीकरण सत्रांवर नर्स आहे. २०२२च्या शेवटी गोवंडीत आणि आपल्याच जिल्ह्यातल्या भिवंडीत गोवराचा उद्रेक झाला होता. पुरळ जातो, पण न्यूमोनियाने मूल दगावू शकतं. रुबेला मुलांना फारसा जाणवतही नाही, पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला झाला तर बाळ मोतीबिंदू, बहिरेपणा किंवा हृदयदोष घेऊन जन्माला येऊ शकतं.

लस नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देतो. म्हणून दोन्ही डोस ९५ टक्के मुलांना मिळावे लागतात, आणि सगळी मेहनत त्या शेवटच्या मुलांसाठी असते. घोडबंदर रोडच्या बांधकामांवर जाऊन बघा. पहिला डोस ९ महिन्यांना इथे होतो. दुसरा १६ ते २४ महिन्यांत, तोवर कुटुंब दुसऱ्या साइटवर, कार्ड गावी. आई म्हणते, "सुई दिलीय." कुठे दिली विचारलं तर बाळाच्या मांडीवर हात ठेवते. म्हणजे ती पेंटा, पाच आजारांवरची एकत्र लस; एमआर, म्हणजे गोवर-रुबेलाची लस, उजव्या दंडात देतात. मग एवढ्या एका बाळासाठी अनेक डोसांची नवी व्हायल (लसीची कुपी) फोडायची. विरघळवल्यावर ती चार तासच चालते, उरलेली फेकून द्यावी लागते. तरीही फोडायचीच.

श्रीलंका आणि मालदीवने दोन्ही आजार हटवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या आग्नेय आशिया विभागात भारत येतो, त्याचं निर्मूलनाचं उद्दिष्ट आधी २०२३ होतं, ते २०२६वर गेलं. निर्मूलन झालं म्हणायला निदान १२ महिने स्थानिक संसर्ग नाही हे दाखवावं लागतं, आणि तेही चोख पाळत ठेवून. ताप-पुरळाची केस खासगी दवाखान्यातच दबली तर ते कसं दाखवणार? त्यामुळे घरात कुणाला ताप येऊन पुरळ उठला, तर डॉक्टरांना पालिकेला कळवायला सांगा. रक्ताचा नमुना पुरळ उठल्यापासून २८ दिवसांच्या आत घ्यावा लागतो.