केसपेपरवर नसलेला प्रश्न

प्रिय पोरी,

पत्र वाचलं. एक सर म्हणतात, ताप म्हटला की डेंग्यू बघ, नसते आजार शोधत बसू नको. दुसरे राउंडला दुर्मिळ आजारांची नावं विचारून घाम फोडतात. कुणाचं ऐकू, म्हणतेस. कुणाचंच नको. पेशंटला विचार, कामाला कुठं गेला होतास.

बेळगावजवळच्या जांबोटीकडचा माणूस मार्चात ताप, अंगदुखी, उतरलेल्या प्लेटलेट्स घेऊन येतो. डेंग्यू निगेटिव्ह. केसपेपरवर गावचा पत्ता असतो. तो गोव्यात काजूच्या बागेत राबून आलाय, हे कुठंच लिहिलेलं नसतं. गोचिडीच्या चाव्यानं होणारा माकडताप 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला, म्हणून आपल्या डोक्यात तो तिथंच राहिला. 2016 मध्ये गोव्याच्या काजूबागांतून परतलेल्या बेळगावकडच्या मजुरांत तो निघाला. हद्दीचा वाद आपला, गोचिडीचा नाही! आणि ताप उतरला म्हणून घरी धाडशील तर बजावून धाड. आठवडा-दोन आठवडे बरं वाटून काहींना पुन्हा ताप चढतो, तेव्हा डोकं ठणकतं, माणूस बरळायला लागतो.

ओपीडीत गर्दी असते, हे मला सांगू नको. विचार.

थकवा, गळणारे केस, बंद झालेली पाळी, कमी रक्तदाब. रक्तवाढीच्या गोळ्या खाऊन कंटाळलेली बाई. थायरॉइडसाठीची टीएसएच तपासणी नॉर्मल, म्हणून थायरॉइड नाही असं कुणीतरी ठरवून टाकलेलं. तिला विचार, कधी काळी साप चावला होता का. घोणशीच्या विषानं किडनी जाते हे सगळ्यांना पाठ असतं. क्वचित पिट्युटरी, म्हणजे मेंदूखालची बाकी ग्रंथींना चालवणारी ग्रंथीही जाते, आणि ते कळेपर्यंत वर्षं उलटतात. टीएसएच पिट्युटरीच बनवते, म्हणून अशा वेळी त्यावर विसंबायचं नाही. फ्री टी-फोर, म्हणजे खुद्द थायरॉइडचं संप्रेरक, आणि सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बघ. कॉर्टिसॉल कमी असेल तर आधी स्टेरॉइड, मगच थायरॉक्सिन. उलटं केलंस तर ती कोसळेल.

माझ्यावर ‘चेंगट डॉक्टर’ असा शिक्का बसला. रांगेतली माणसं उठून शेजारच्या दवाखान्यात गेली, घरचेही बोलले. बोलू देत. ज्याच्याकडं तपासण्यांना पैसे नाहीत, त्याच्याकडं सांगण्यासारखं तरी असतं की! ते ऐकायला वेळ लागतो. मी तो दिला, आजही देईन.

हळहळ एकच. कन्नड मी कामापुरतं शिकलो. मधे कंपाउंडर लागायचा, आणि कंपाउंडरसमोर बाया पाळीचं बोलत नाहीत. तू नीट शिक. पुस्तकातलं नको, खेड्यातल्या आज्ज्या बोलतात ते.