सांगली नव्हे, सातारा किंवा औंध म्हणून शोधा

तुम्ही लिहिलंय की खापरपणजोबा आजच्या कडेगाव तालुक्यातले, पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले ते परतलेच नाहीत आणि कार्यालय म्हणतं, सांगली जिल्ह्याच्या यादीत नाव नाही. आमच्या घरच्या शिपायाबद्दल हेच उत्तर आम्हालाही मिळालं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी-स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर तुम्ही पाहिलंच असेल. पण शोधताना सांगली टाकू नका. तेव्हा सांगली नावाचा जिल्हाच नव्हता, संस्थान होतं. तुमचा भाग खानापूर तालुक्यात, जिल्हा सातारा. १९४९ साली साताऱ्याचे उत्तर-दक्षिण असे दोन जिल्हे झाले आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव १९६० साली मिळालं.

आमचं गाव आटपाडीकडचं, म्हणजे तेव्हाच्या, साताऱ्याकडच्या औंध संस्थानातलं. आम्ही जिथे अर्ज केला तिथल्या साहेबांनी आजच्या जिल्ह्याची यादी चाळली, 'नोंद आढळत नाही' असा शेरा मारला आणि अर्ज निकाली. औंधखाली बघा म्हटलं तर म्हणे, औंध पुण्यात, तिकडे जा. त्या शेऱ्यापुढे घरात सगळ्यांनी हाय खाल्ली. नोंद पुढे औंधखालीच सापडली, पण जिला ती दाखवायची होती ती आजी तोवर गेली होती. याचा राग अजून शमलेला नाही.

बसऱ्याच्या स्मारकाचे फोटो बघूनही निराश होऊ नका. ते ४० हजारांहून अधिक जणांचं स्मारक आहे, पण हिंदी शिपायांची नावं त्या भिंतींवर कोरलीच नाहीत, हिंदी फौजेतल्या फक्त अधिकाऱ्यांची कोरली. शिपायांची नावं नोंदवहीत आहेत.

पलटणही जुन्या क्रमांकाने शोधा. आजची मराठा लाइट इन्फन्ट्री १९२२च्या फेररचनेतून उभी राहिली. त्याआधी १०३, १०५, ११०, ११७ अशा वेगवेगळ्या पलटणी होत्या. पत्रं १९१६च्या सुमारास थांबली असतील तर मी आधी इराकमधल्या कूतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्याकडे बघेन. २९ एप्रिल १९१६ला तिथली फौज शरण गेली आणि पुढे कैदेत फार माणसं मेली. अर्थात हा अंदाज. मी इतिहासकार नाही की फौजीही नाही, खात्री पलटणीच्या कागदांवरूनच करा.

एक मत, पटलं तर घ्या. आपल्या भागात इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचा इतिहास घरोघर सांगतात, तो सांगायलाच हवा. पण त्याच गावांतून पंचवीसेक वर्षं आधी गेलेल्या शिपायांना 'इंग्रजांचे नोकर' म्हणून मोडीत काढणं मला मान्य नाही. पाऊस नसलेल्या गावात महिन्याचा पगार म्हणजे काय, हे माणदेशात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि हो, पैसे घेऊन 'रेकॉर्ड काढून देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. त्यापेक्षा घरातली जुनी ट्रंक उघडा. पदक असेल तर चिंच लावून घासू नका. त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत असते. भिंगातून वाचा आणि पलटणीचा आकडा इथे लिहा, पुढचं शोधायला मी मदत करतो.