पुण्याच्या इंटरव्ह्यूला जाण्याआधी

सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघून अकराचा इंटरव्ह्यू गाठायचा विचार आधी सोड. गाडी पुण्यात पोचेपर्यंत साडेदहा होतात, पुढे हिंजवडीचं आयटी पार्क गाठायचंच असतं. आदल्या संध्याकाळीच जा, मित्राच्या रूमवर झोप.

ऑनलाइन टेस्ट तू काढशील. खरी कसोटी टेक्निकल राउंडला. आपली पोरं तिथे मान खाली घालून गुपचूप कोड लिहीत बसतात आणि समोरच्याला वाटतं, याला काही सुचतच नाही. तू बोलत राहा. समजा, 10 लाख आकड्यांतून एक शोधायला सांगितला. आधी विचार, आकडे क्रमाने लावलेत का? मग सांग, एकेक तपासत गेलं तर 10 लाखांपर्यंत तुलना लागतील. क्रमाने असतील तर दरवेळी मधला बघून निम्मी यादी सोडायची, जास्तीत जास्त 20 वेळा. एवढं झाल्यावरच कोडला हात घाल. यादी रिकामी आली तर काय, हेही स्वतःहून बोल.

इंग्रजी अडखळलं तर अडखळू दे.

प्रोजेक्ट म्हणून चादर कारखान्याच्या स्टॉकचं तुझं सॉफ्टवेअरच सांग. नेटवरून उतरवलेल्या प्रोजेक्टपेक्षा ते कितीतरी दमदार आहे. फक्त त्यातली डेटाबेसची टेबलं (माहितीचे तक्ते) एकमेकांना कशी जोडलीस, ते कागदावर काढून दाखवता आलं पाहिजे.

एचआरला बॉन्डबद्दल, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराबद्दल, बिनधास्त विचार. आणि नोकरीसाठी कुणी डिपॉझिट मागितलं, तर सरळ उठून ये.